आसनसंख्या दोन

मोटारसायकलची सीट बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, असं शेजारच्या पोपटने मला सांगितलं तेव्हा मार्च सुरू होता. सीट बसली आणि कागदोपत्री मान्य झाली तेव्हा मे महिना निम्मा सरला होता. पोपट साजगावच्या कारखान्यात फिटर आहे, घड्याळ आणि भोंगा यांच्यावर त्याचं पोट चालतं, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मी स्वतः खालापूरला सरकारी कचेरीत कारकून. अर्ध्या तासाच्या कामाचं पुढे काय होतं हे खरं तर मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं.

गाडी आबांची. आबा म्हणजे माझे वडील, कोंडीराम. भिवपुरीच्या पॉवरहाऊसवर त्यांनी तीस वर्षं हेल्पर म्हणून काढली. तिथे पेस्तनजीसाहेब नावाचे इंजिनियर होते आणि त्यांच्याकडे ही काळी, जाडजूड, विलायती गाडी होती. साहेब पुढे गाडीवर आणि आबा मागून सायकलवर, हँडलला हत्यारांची पिशवी, हे दृश्य क्वार्टर्समधल्या लोकांनी बारा वर्षं पाहिलं. १९६३ साली साहेब निवृत्त होऊन मुंबईला गेले, तेव्हा जाताना त्यांनी गाडी रीतसर आबांच्या नावावर करून दिली. दोन ज्युनियर इंजिनियर तोंडात बोट घालून बघत राहिले. का दिली, असं आबांना कुणी विचारलं तर "सायेब मोठा मानूस," एवढंच उत्तर मिळायचं.

तेव्हापासून गाडी आमच्या कर्जतच्या चाळीत, जिन्याखाली, गोणपाटाखाली. दर रविवारी सकाळी आबा गोणपाट काढत आणि गाडी हाताने ढकलत दहिवलीच्या वळणापलीकडे नदीवर धुवायला नेत. तरुणपणी ते खांबावरून पडले होते, तेव्हापासून डाव्या अंगाला किंचित झुकून चालतात. त्यामुळे ते गाडीला ढकलताहेत की गाडी त्यांना, हे लांबून कळत नसे. दोन तासांनी तसेच ढकलत परत. पंधरा वर्षं. इतकी धुतलेली गाडी सबंध तालुक्यात नसेल, असं पोपट म्हणे.

त्या साली फेब्रुवारीत मुंबईहून साहेबांच्या मुलीचं पत्र आलं की साहेब गेले. आबांनी रविवारची वाट न पाहता मधल्या वारीच गाडी धुऊन आणली. आणि त्याच आठवड्यात कातळगावाहून आत्याचा, येसूबाईचा, निरोप आला की आपल्या वाडीतला विहार पुरा झाला, बुद्धपौर्णिमेला सकाळी दहा वाजता पंचशील ध्वज लावायचा, आणि तो दादाने लावायचा असं सगळ्यांनी ठरवलं आहे.

आता कातळगावची चावडी सांगायला हवी. खालापूर सोडून डोंगराकडे वळलं की गावात शिरायला एकच रस्ता, आणि तो चावडीसमोरून जातो. आबांनी नोकरी लागल्यावर पहिली सायकल घेतली, तेव्हा चावडीच्या अलीकडे शंभर पावलांवर ते उतरायचे, सायकल हातात धरून चावडी ओलांडायचे आणि पलीकडे पुन्हा बसायचे. उतर असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं. कुणी म्हणायची गरजच नव्हती. मी पाच-सहा वर्षांचा असताना कॅरियरवर असायचो, मलाही उतरवलं जायचं. का, असं मी एकदा विचारलं होतं. "पाय मोकळे करू," आबा म्हणाले होते. पुढे आम्ही धम्म घेतला, मी शिकलो, कचेरीत खुर्चीवर बसलो, त्याच गावच्या लोकांचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागले, पण ते पाय मोकळे करणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. आबांचं गावी जाणंही कमी होत गेलं.

म्हणून मी ठरवलं की या वेळी आबा चावडीसमोरून बसून जातील. एसटीचा प्रश्नच नव्हता, कारण एसटीचा थांबा नेमका चावडीसमोर आहे. म्हणजे सरकारी खर्चाने पुन्हा तिथेच उतरायचं. टेंपोतून भाजीच्या पाट्यांबरोबर मी वडिलांना नेणार नव्हतो. गाडी होती, मी कचेरीतल्या एका मित्राच्या गाडीवर शिकून नुकतंच लायसन काढलं होतं. अडचण एवढीच की साहेबांच्या गाडीला एकाच माणसाची सीट. सायकलसारखी, स्प्रिंगांवर बसवलेली चामड्याची गादी. मागे नुसता पत्र्याचा कॅरियर आणि त्यावर सुतळीने बांधलेली एक जुनाट उशी. हत्यारं वाजू नयेत म्हणून साहेबांनी ती बांधली असणार, असा माझा तर्क होता.

"आबा," मी म्हणालो, "आपण लांब सीट बसवू. मी चालवीन, तुम्ही मागे बसा. चावडीसमोरून थेट विहारापर्यंत."

"लांब सीट बशीव," ते म्हणाले, "पन मागं बसनारा मी नव्हं."

मला हे लागलं. साहेबाच्या गाडीवर आपण बसायचं नाही, ही जुनी सवय अजून अंगातून जात नाही, असं मी समजलो आणि स्वाभिमान या विषयावर त्यांना वीसेक मिनिटं ऐकवलं. शिकलेल्या मुलांना हा एक रोग असतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जुनी गादी फेकू नको बरं का."

पोपटने रविवारी पाना लावला. सीटचे चार बोल्ट. पहिले दोन निघाले, तिसरा तुटला आणि चौथ्याने हलायला नकार दिला. तोवर चाळीतली मंडळी जमली होती. कुणी रॉकेल सांगितलं, कुणी चुना, कुणी म्हणालं बोल्ट तापवा, त्यावर कुणी पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवलं. एका निवृत्त गार्डसाहेबांनी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं बाकडं कसं जोडलेलं असतं याची माहिती दिली. गौराबाई नावाच्या आमच्या घरमालकीणबाई वरच्या गॅलरीतून म्हणाल्या की त्यापेक्षा तुमच्या वडलांना एक रिक्षा का करून देत नाही. चौथा बोल्ट शेवटी छिन्नीने कापला. त्याच्याबरोबर मागचा दिवाही निघाला, तो कशाला धरून होता ते तेव्हा कळलं.

मग प्रश्न आला, सीट शिवणार कोण. कर्जतमध्ये टेंपोच्या गाद्या शिवणारा एक जण होता, तो रेग्झिन आणि काथ्या लावून चौकोनी पेटीसारखी सीट करी. त्याच्या सीटवर बसून आलेला माणूस खुर्चीवर बसायचं टाळतो, हे मी पाहिलं होतं. तेव्हा जिजा, माझी बायको, म्हणाली, "नेरळला माथेरानच्या घोड्यांची खोगिरं शिवणारा माणूस आहे ना? लोक दिवसभर बसतात त्यावर. आणि घोडा तर आपल्या गाडीपेक्षा जास्त हलतो."

जिजाचा सल्ला पटला की मी तो दोन दिवसांनी माझा म्हणून सांगतो. त्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी जुनी गादी पिशवीत घालून मी नेरळला गेलो.

भिवाजी स्टेशनजवळच्या गल्लीत एका पडवीत बसायचा. चारी बाजूंना खोगिरं, पट्टे, लगाम. मी गादी पुढे ठेवली. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, मांडीवर घेतली, डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवला. वैद्याने नाडी बघावी तसं चाललं होतं.

"हाडकुळा मानूस हाय," तो म्हणाला. "दीड मनाच्या वर नाय. डाव्या अंगावर बसतो. आन रोजचा बसनारा हाय, पावना नाय."

मला हसू आलं. पेस्तनजीसाहेब सहज अडीच मण भरत आणि ताठ बसत. मी तसं सांगितलं.

"कातडं मला जास्ती ठाव का तुमाला?" भिवाजी म्हणाला. "घोडा कुनाचा बी असूं दे, खोगीर बसनाऱ्याचं आसतं. पंधरा वर्सं येकच मानूस बसला तर त्याचं माप त्यात उतरतं."

"बरं, पण आता सीट माझ्या मापाने करा," मी म्हणालो. "आणि मागे आणखी एक माणूस बसेल एवढी."

"मापावरच करीन," भिवाजी म्हणाला. कुणाच्या, हे मी विचारलं नाही.

इकडे कागदाचं काम. गाडीच्या नोंदणी पुस्तकात 'आसनसंख्या : एक' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आता एका मोटारसायकलवर आई, बाप, दोन मुलं आणि कोंबडी अशी मंडळी खोपोलीच्या बाजाराला जाताना मी रोज बघतो, त्यांची पुस्तकं कुणी बघत नाही. पण मी पडलो सरकारी नोकर. चावडीसमोरून ताठ मानेने जायचं आणि खिशातल्या पुस्तकात खोटं, हे मला चालणार नव्हतं. म्हणून मी गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत गेलो. ती कचेरी कुठल्या गावी ते सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत असतील आणि मलाही अजून नोकरी करायची आहे.

तिथल्या कारकुनाने मला तीच वागणूक दिली जी मी इतरांना देतो. ती कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. अर्ज हवा. मालकाच्या सहीचा हवा. त्यात 'जादा आसनाचे प्रयोजन' या रकान्यात कारण हवं. आणि गाडी नव्या सीटसह तपासणीला आणायला हवी.

"पण एका आसनाच्या पुस्तकावर दोन आसनांची गाडी रस्त्यावर आणली तर तो गुन्हा होईल ना?" मी विचारलं.

"होईल," तो म्हणाला.

"मग आणायची कशी?"

"ते नियमात दिलेलं नाही," तो म्हणाला आणि पान लावायला घेतलं.

अर्ज मी घरी येऊन माझ्या सर्वोत्तम अक्षरात भरला. प्रयोजनाच्या रकान्यात लिहिलं, 'अर्जदारास मागे बसण्यासाठी'. आबांनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. ते रात्रशाळेत शिकले आहेत, छापलेलं काहीही न वाचता त्यांनी कधी सही केलेली नाही. त्या रकान्यापाशी ते थांबले. माझं पेन घेतलं, 'अर्जदारास' या शब्दावर रेघ मारली आणि वर सावकाश लिहिलं, 'अर्जदाराच्या मुलास'. मग सही केली.

"आबा, तुम्ही उलट लिहिलंत," मी म्हणालो. "आणि सरकारी अर्जात खाडाखोड चालत नाही."

"खोटं चालतं का?" आबा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. म्हाताऱ्या माणसाला अर्जदार कोण आणि बसणार कोण यातला घोळ समजला नाही, असं मी जिजाला सांगितलं. जिजा म्हणाली, "त्यांना समजलं नाही असं मी तरी अजून कधी बघितलं नाही." अर्ज तसाच गेला आणि तसाच दाखल झाला, तिथे तो कुणी वाचलाच नाही.

एप्रिल संपता संपता भिवाजीची सीट तयार झाली. पोपटने साजगावहून पत्र्याची बैठक कापून आणली होती. ती चार बोटं लांब निघाली आणि नंबरप्लेट झाकली गेली, ती आम्ही खाली आणली तर मडगार्डला घासू लागली, मडगार्ड वाकवलं तर चाकाला लागलं, हे सगळं मी थोडक्यात सांगतो. शेवटी सीट बसली. आणि सुंदर बसली, हे कबूल करतो. तांबूस चामडं, दुहेरी शिवण, पुढे किंचित उचललेली, मागे रुंद. भिवाजीने एकच सूचना दिली होती, "कातडं नवं हाय. आठ-पंदरा दिस दुपारचं ओलं गोनपाट टाका, नायतर तडकंल."

आमची आई, पुतळाबाई, हिने ही सूचना मनावर घेतली. दुपारी, संध्याकाळी आणि वाटलं तर सकाळीही ती गोणपाट भिजवून सीटवर टाकू लागली. तान्ह्या पोराचं दुपटं बदलावं इतक्या निगुतीने.

पहिली चक्कर मी जिजाला मागे बसवून मारायची ठरवली. पुस्तकात अजून 'एक' होतं, म्हणून चाळीच्या अंगणातच. बारा किका मारल्यावर गाडी सुरू झाली. आबा दारात उभे होते. "पाय दाबून मारू नको, सोडून मार," एवढं ते बोलले, आणि मी मनात म्हणालो, पुसणाऱ्याने चालवणाऱ्याला काय शिकवायचं. पण मी बसलो आणि काहीतरी चुकलं. माझी बैठक डावीकडे घसरली. सावरून बसलो, पुन्हा डावीकडे. जणू सीटला माझं बसणं मान्य नव्हतं. विहिरीला वळसा घालताना मी डावीकडे गेलो, माझ्याबरोबर गाडी गेली आणि गौराबाईंच्या तुळशीपाशी आम्ही तिघं आडवे झालो. जिजाने उठून पदर झटकला आणि म्हणाली, "सीट मात्र मऊ आहे हो."

मी रागाने नेरळ गाठलं. भिवाजी म्हणाला, "बराबर हाय. डाव्या अंगावर बसनाऱ्याचं माप हाय ते. जुन्या गादीवरनं घेतलं." मी म्हणालो, तो साहेब मेला, आता मी बसतो. भिवाजी म्हणाला, "मेलेला मानूस नाय वाटला मला." पौर्णिमेला आठ दिवस उरले होते.

आणि मग सीट उगवली.

हे मी अलंकारिक बोलत नाही. सकाळी आईने गोणपाट उचललं तर मागच्या शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आले होते, चांगले बोटभर. भिवाजी खोगिरात पेंढा भरतो आणि तो पेंढा आपल्याच भागातल्या भाताचा, झोडणीत राहिलेल्या दाण्यांसकट. एरवी खोगीर घोड्यावर असतं, उन्हात असतं. त्याला दिवसातून तीनदा पाणी घालणारी आमची आईच पहिली. चाळ पुन्हा जमली. गार्डसाहेबांनी दुबार पिकाची शक्यता काढली. मी कोंब उपटायला हात घातला तर आई मध्ये आली.

"उपटायचं नाय," ती म्हणाली. "विहार उघडायचाय आन तू उगवतं उपटतोस? पुनवंपातूर ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. गाडी रस्त्यावर न आणता कचेरीत न्यायची म्हणून ती भाजीच्या टेंपोत चढवली. रस्त्यावर टेंपो होता, गाडी टेंपोवर होती, गुन्हा कुठेच नव्हता. तपासणारे साहेब बाहेर आले. त्यांनी सीट दाबली, नंबर बघितला, मागे गेले आणि थबकले.

"हे काय आहे?"

"भात, साहेब," मी म्हणालो. नोकरीत मी कधी इतक्या कमी शब्दांत उत्तर दिलं नव्हतं.

साहेब उकिडवे बसले. एक पात बोटावर घेतली, निरखली. शेतकऱ्याच्या घरचे असावेत. "रोप चांगलं आहे," ते म्हणाले. "पण दाट झालंय, विरळ करायला हवं." मग उभे राहिले, मला विचारलं, "दुसरी सीट कशाला हवी हो तुम्हाला?" मी खरं ते सांगितलं, चावडी, सायकल, पौर्णिमा, सगळं. साहेब आत गेले आणि 'एक' खोडून 'दोन' करून, शिक्का मारून पुस्तक हातात दिलं. त्या कचेरीबद्दल वर जे लिहिलं आहे त्यातलं थोडं मागे घेतो.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी साडेसातला सगळी चाळ अंगणात. गाडीला हार, सीटवर स्वच्छ चादर, चादरीखाली शेती. आबा पांढरा सदरा, पांढरं धोतर, खांद्यावर निळा रुमाल असे उभे. आई आणि जिजा आदल्या दिवशीच एसटीने गेल्या होत्या. मी किक मारली. पुन्हा मारली. पाय सोडून मारली, दाबून मारली. पोपटने मारली. आठ वाजले. सदऱ्याला माझा घाम आणि पोपटचं ग्रीस लागलं. सव्वाआठ. इतका खटाटोप करून मी वडिलांना शेवटी चावडीसमोर एसटीतूनच उतरवणार, हे मला दिसायला लागलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. लोक आता सल्लाही देईनात, आणि ते जास्त वाईट होतं.

आबा पुढे आले. "सरक," ते म्हणाले. "वळनापातूर ढकलत नेऊ."

आम्ही ढकलत निघालो. बापलेक, हार घातलेली गाडी, मागे चाळीची शांतता. वळण ओलांडलं, चाळ दिसेनाशी झाली. आबांनी धोतराचा सोगा खोचला, टाकीखालची पेट्रोलची चकली जरा फिरवली, पाय टाकून गाडीवर बसले. डावीकडे किंचित झुकून. सीटने त्यांना असं घेतलं की मध्ये बोटभर फट राहिली नाही. त्यांनी पाय सोडून एक किक मारली. एकच.

गाडी सुरू झाली.

"बस मागं," आबा म्हणाले.

मी बसलो. पळसदरी मागे पडली. मग आबांनीच सांगितलं, मान न वळवता, वाऱ्यावर. साहेब पहिल्याच वर्षी घाटात पडले होते. त्यांना गाडीची भीती बसली. पण इंजिनियरने भीती वाटते असं सांगायचं कुणाला? म्हणून क्वार्टर्सच्या फाटकापासून तिथल्या पहिल्या वळणापर्यंत साहेब चालवायचे, आबा मागून सायकलवर. वळणापलीकडे सायकल करवंदीच्या जाळीत टाकायची, पुढे आबा आणि मागे कॅरियरवर, उशीवर, साहेब. बारा वर्षं.

"सायेब म्हनले, कोंडीराम, कुनाला सांगू नको. नाय सांगितलं."

"आणि रविवारी धुवायला..."

"धूतबी होतो."

"लायसन?"

"खिशात हाय." दर तीन वर्षांनी आबा डोळे तपासायला म्हणून ठाण्याला जात. इतक्या वेळा डोळे तपासलेला माणूस चष्म्याचा नंबर का बदलत नाही, हे मला, सरकारी कारकुनाला, कधी सुचलं नव्हतं.

"पण साहेब फेब्रुवारीत गेले," मी म्हणालो. "तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलं कवा?" आबा म्हणाले. "तू तर सांगतच व्हतास." आणि वर, "अर्जात लिवलं व्हतं की मी."

लिहिलं होतं. त्या सबंध अर्जात तेवढीच एक ओळ खरी होती आणि ती मी खाडाखोड समजलो.

पावणेदहाला आम्ही कातळगावच्या चढाला लागलो. शंभर पावलांवर ती जागा आली, जिथे मला लहानपणी उतरवायचे. माझे पाय आपोआप खाली यायला निघाले. हे मी लाजेने सांगतो, पण ते तसं झालं. आबांनी गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं, उतरताहेत. ते उतरले नाहीत. सावकाश, माणसाच्या चालीने, हॉर्न न वाजवता, चावडीच्या अगदी समोरून त्यांनी गाडी नेली. कट्ट्यावर सात-आठ माणसं होती. नामातात्या, गावातले सगळ्यांत जुने शेतकरी, उठून उभे राहिले. मानाने की गाडीला वाट द्यायला, ते मला सांगता येणार नाही.

"कोंडीराम," ते म्हणाले, "च्या घेऊन जा की."

"आता उतरत नाय, तात्या," आबा म्हणाले. "येताना बघू."

मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं. गाडी हलते म्हणून टेकलं असं नंतर मी जिजाला सांगितलं.

ध्वज दहा वाजता लागला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. येसूआत्याने आबांच्या तोंडावरून हात फिरवला, गाडीला फेरी मारली आणि चादर उचलून बघितली. "गाडीवर भात पेरलंय का रं?" तिने विचारलं. आईने तिला आठ दिवसांची निगराणी समजावून सांगितली. संध्याकाळपर्यंत दोघींनी ते कोंब हलक्या हाताने काढून विहाराच्या कडेच्या ओल्या मातीत लावलेही.

परतताना आबांनी चावडीसमोर गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, पाय दोन्ही बाजूंना टेकवले, पण सीटवरून हलले नाहीत. नामातात्या स्वतः दोन कप घेऊन कट्ट्यावरून खाली आले. कप तेच, जे चावडीत सगळ्यांना. आबांनी बसल्या जागी चहा प्यायला, सावकाश, फुंकर घालून. पाऊसपाण्याच्या दोन गोष्टी बोलले. कप परत केला आणि एका किकेत निघाले.

गाव मागे पडलं. वळण आलं, चावडी दिसेनाशी झाली. तिथे आबांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले.

"आता तू घे," ते म्हणाले. "दमलो मी. आन हितं कोन बघत नाय."

मी पुढे बसलो, ते मागे बसले. पाय सोडून किक मारली, तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. पहिल्याच फर्लांगात मी डावीकडे घसरू लागलो. तेव्हा आबांनी मागून माझ्या डाव्या बरगडीला तळहात लावला आणि मला सरळ केलं. कर्जतपर्यंत तो हात तिथून हलला नाही.